माटुंग्याची टाकी: विजेविना शुद्ध होणाऱ्या पाण्याचा विसरलेला इतिहास

१/ बायोगॅसच्या इतिहासावरील अनेक पुस्तकांत आणि लेखांत एक वाक्य हमखास भेटते: जगातील पहिले बायोगॅस संयंत्र १८५९ मध्ये मुंबईतील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत उभे राहिले. यातील शहर बरोबर आहे, वसाहतही बरोबर आहे. साल मात्र चुकीचे आहे. खरी घटना जवळजवळ चार दशकांनंतरची आहे. आज गावोगावची हिरवी पडलेली तळी विजेविना कशी शुद्ध करावीत, या प्रश्नाची एक वाट त्या घटनेपर्यंत मागे जाते. त्या वाटेचा हा सविस्तर धागा.

२/ आरंभ एका सरोवरापासून करावा लागतो. १७७६ मध्ये इटालियन शास्त्रज्ञ अलेस्सांद्रो व्होल्टा मॅजोरे सरोवराच्या काठाशी तळाचा चिखल काठीने ढवळत होते. वर येणारे बुडबुडे त्यांनी बाटलीत गोळा केले आणि तो वायू पेट घेतो हे दाखवून दिले. आज आपण त्याला मिथेन म्हणतो. पुढे विजेच्या घटामुळे अमर झालेल्या या माणसाने दलदलीच्या तळाशी ऊर्जा दडलेली आहे, हेही आधीच पाहून ठेवले होते.

३/ घाण पाण्याच्या तळ्यातही हेच घडत असते. नाल्यातून मैला, खरकटे, साबण तळ्यात उतरतात. हे अन्न खाताना जीवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. अन्न फार झाले की प्राणवायू संपतो आणि मासे मरून वर येतात. मग तळाशी दुसऱ्याच जातीच्या सूक्ष्मजीवांचे राज्य सुरू होते. त्यांना हवा नको असते. ते कुजवतात आणि त्यांच्या कामातून मिथेन व कुजक्या अंड्यासारखा वास येणारे वायू बाहेर पडतात.

४/ वाहत्या पाण्याची गोष्ट वेगळी. नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्यात, इस्लापूरजवळ, पैनगंगा सहस्रकुंडाच्या काळ्या कातळावरून खाली कोसळते. कोसळताना पाण्याचे असंख्य थेंब होतात, प्रत्येक थेंबाला हवा चिकटते आणि प्राणवायू पाण्यात विरघळतो. हे काम करायला पंप लागत नाही, उतार पुरतो. तळ्याला ही सोय नाही. त्याला हवा मिळते ती केवळ पृष्ठभागावरून आणि दिवसा उन्हात शेवाळ जो प्राणवायू सोडते त्यातून.

५/ सांडपाण्याच्या जैविक शुद्धीकरणाचे सारे तंत्र या दोन सूक्ष्मजीवसमूहांभोवती फिरते: हवेविना काम करणारे आणि हवेत काम करणारे. दोघे एकाच उघड्या तळ्यात कोंबले की दुर्गंधी आणि मरतुक हाती येते. पहिल्यांना बंद जागा आणि दुसऱ्यांना मोकळी हवा, अशी क्रमाने व्यवस्था लावली की तेच जीव पाणी स्वच्छ करतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात अभियंत्यांना उमगले ते हेच.

६/ आता मुंबई. १८९० च्या दशकाच्या पूर्वार्धात हॅरी अर्बथनॉट ॲक्वर्थ हे सनदी अधिकारी मुंबईचे पालिका आयुक्त होते. मराठी वाचकांना हे नाव वेगळ्या कारणाने ठाऊक असते. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह त्यांनी गावोगावच्या शाहिरांकडून ऐतिहासिक पोवाडे मिळवले आणि १८९१ मध्ये त्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. मराठ्यांच्या मौखिक इतिहासाचा हा पहिला मोठा छापील ठेवा.

७/ याच ॲक्वर्थांनी १८९० च्या नोव्हेंबरात माटुंगा येथे निराधार कुष्ठरुग्णांसाठी आश्रम सुरू केला. आदल्या वर्षी हवाई बेटांवर कुष्ठरुग्णांची सेवा करणारे फादर डेमियन त्याच रोगाने वारले होते आणि जगभर भीतीची लाट उसळली होती. मुंबईतील प्रतिष्ठितांना रस्त्यावरचे कुष्ठरुग्ण नजरेआड हवे होते. १८८८ च्या पालिका कायद्यात धोकादायक रोगांविषयी जी तरतूद होती, तिचा आधार घेऊन या माणसांना रस्त्यांवरून उचलून माटुंग्याला आणण्यात आले. हीच संस्था पुढे ॲक्वर्थ यांच्या नावाने ओळखली गेली. वडाळ्यात ती आजही रुग्णालय म्हणून उभी आहे.

८/ १८५९ हे साल का टिकत नाही, हे आता स्पष्ट होते. ज्या आश्रमाचे दार १८९० मध्ये उघडले, त्यात एकतीस वर्षे आधी संयंत्र बसणे शक्य नाही. दुसरा पुरावा पाण्याचा. अशा टाकीला पाण्याबरोबर वाहत येणारा मैला लागतो आणि मुंबईला विहार तलावाचे पाणी नळाने मिळू लागले तेच १८६० मध्ये. तरीही एका पुस्तकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून संकेतस्थळांवर हे साल उतरत राहिले. काही परदेशी लेखनात तर माटुंग्याचे ‘माटिंगा’ झाले आहे. स्थळाची संस्था केव्हाची, एवढे तपासले असते तरी चूक उघडी पडली असती.

९/ खरे साल १८९७. त्यामागची पार्श्वभूमी इंग्लंडमधली. एक्झिटर शहराचे सर्वेक्षक डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५ मध्ये बंद टाकीत मैला कुजवण्याची पद्धत सिद्ध केली आणि तिला ‘सेप्टिक टँक’ हे नाव दिले. कुजण्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून हे नाव आले. त्या टाकीतील वायूवर तिथे दिवेही पेटवले गेले. ही वार्ता मुंबईला पोहोचली तेव्हा शहर प्लेगच्या विळख्यात होते. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत साथ उघडकीस आली होती आणि गटारे हा साऱ्यांच्या चिंतेचा विषय झाला होता.

१०/ माटुंग्याच्या आश्रमातील मैलापाण्यासाठी अशीच टाकी बांधण्यात आली. तिच्यावर वायू गोळा करण्याची सोय होती आणि त्या वायूवर इंजिन चालवले गेले. अवायुजीवी शुद्धीकरणाच्या शास्त्रीय इतिहासात १८९७ ची ही नोंद आजही सांगितली जाते. तिचे महत्त्व नीट ध्यानात घ्यावे: पाणी शुद्ध करण्यासाठी इथे ऊर्जा खर्च होत नव्हती, उलट मिळत होती.

११/ हे घडते कसे? बंद टाकीत जड कण तळाशी बसतात. एक जीवाणूसमूह त्यांचे विघटन करून साधी आम्ले बनवतो. दुसरा सूक्ष्मजीवसमूह त्या आम्लांपासून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतो. मैल्यातील बरीच ऊर्जा मिथेनच्या रूपाने वायूत निघून जाते, म्हणून उरलेल्या पाण्यात खाण्यासारखे थोडेच राहते. पण ते पाणी अजून निर्मळ नसते. त्याला हवेतली दुसरी पायरी लागते. त्या काळी हे काम जमिनीवर होई: पाणी शेतात किंवा दगडगोट्यांच्या थरातून झिरपवले जाई.

१२/ मुंबई पालिकेच्या मलनिःसारण कामाचे अभियंता चार्ल्स कार्कीट जेम्स यांनी पूर्वेकडील शहरांच्या मलनिःसारणावर १९०२ मध्ये ग्रंथ लिहिला. उष्ण प्रदेशातील मलनिःसारण हा युरोपपेक्षा वेगळा अभ्यासविषय आहे, हे त्या ग्रंथाच्या नावातच होते. पुढे कैरो शहराची मलनिःसारण योजना त्यांच्याकडे आली. अभियंता लक्षात राहिला, टाकी लक्षात राहिली. ज्यांच्या मैल्यावर ते इंजिन चालले आणि ज्यांना त्या आवारातून मनाप्रमाणे बाहेर पडता येत नव्हते, ती माणसे बायोगॅसच्या इतिहासात ‘कुष्ठरोग्यांची वसाहत’ एवढ्या शब्दांत उरली.

१३/ मुंबई शहराने स्वतःसाठी हा मार्ग घेतला नाही. शहराचा मैला वरळीच्या लव्हग्रोव्ह केंद्रातून समुद्रात सोडला जाई. समुद्र जवळ असलेल्या शहराला शुद्धीकरणाची निकड भासत नाही. तिकडे इंग्लंडमध्ये नद्यांची अवस्था बिकट झाल्याने १८९८ मध्ये राजकीय आयोग नेमला गेला. त्याच्या १९१२ च्या अहवालाने प्रदूषण मोजण्याचे माप रूढ केले: पाण्यातील घाण संपवण्यासाठी जीवाणूंना पाच दिवसांत किती प्राणवायू लागतो. यालाच आज ‘बीओडी’ म्हणतात.

१४/ या मापातही हवामानाचा इतिहास आहे. जगात ही चाचणी २० अंश सेल्सिअसला पाच दिवस करतात. भारतीय मानकांत ती २७ अंशांना तीन दिवस केली जाते. उष्णतेत जीवाणूंचे काम वेगाने चालते, त्यामुळे कमी दिवस पुरतात. थंड देशांत टाकी गरम ठेवण्यासाठी इंधन जाळावे लागते. मराठवाड्यातला सूर्य ते काम वर्षातले बहुतेक महिने फुकट करतो.

१५/ तरीही जगाने वेगळा रस्ता धरला. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी ‘सक्रिय गाळ’ पद्धत मांडली. मैलापाण्यात सतत हवा फुंकायची आणि खाली बसलेला जिवंत गाळ पुन्हा पुन्हा वापरायचा. पद्धत वेगवान होती आणि तिला जागाही कमी लागे, म्हणून महानगरांनी ती उचलली. त्या दोघांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. या पद्धतीचे मर्म हवा फुंकण्यात आहे आणि हवा फुंकायला अखंड वीज लागते. वीज गेली, की प्राणवायूविना टाकीतले जीवाणू गुदमरतात.

१६/ विजेचा हा प्रश्न स्वतंत्र भारतात पुन्हा ऐरणीवर आला. १९५८ मध्ये नागपूरला केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था स्थापन झाली. १९७४ पासून तिला ‘नीरी’ म्हणतात. तिथल्या शास्त्रज्ञांनी ‘स्थिरीकरण तलाव’ या साध्या पद्धतीवर वर्षानुवर्षे काम केले. सोली आर्सीवाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा भारतातील अशा तलावांवरील ग्रंथ १९७० मध्ये आला.

१७/ स्थिरीकरण तलाव म्हणजे मुद्दाम खणलेले उथळ तळे, सामान्यतः मीटर-दीड मीटर खोल. मैलापाणी त्यात कित्येक दिवस मुक्कामी राहते. तळाशी हवेविना कुजणे चालते. वरच्या थरात शेवाळ उन्हात प्राणवायू सोडते, जीवाणू तो वापरतात आणि बदल्यात कार्बन डायऑक्साइड व पोषकद्रव्ये शेवाळाला देतात. या देवाणघेवाणीचा बारकाईने अभ्यास कॅलिफोर्नियात विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५० च्या दशकात केला. हाच खेळ गावच्या तळ्यात बेशिस्तपणे चालतो आणि तळ्याचा जीव घेतो. इथे तो मोजूनमापून घडवला जातो. उणीव एकच, पण मोठी: जागा भरपूर लागते.

१८/ शास्त्रज्ञांच्या आधी हे काम हातांनी शिकलेले लोकही होते. कोलकात्याच्या पूर्वेला मच्छीमारांनी शहराचे मैलापाणी उथळ भेऱ्यांमध्ये घेऊन त्यावर मासे वाढवले. ध्रुबज्योती घोष या अभियंत्याने ही व्यवस्था जगासमोर आणली आणि २००२ मध्ये त्या पाणथळ प्रदेशाला रामसर दर्जा मिळाला. पाणी केव्हा घ्यायचे, केव्हा थांबवायचे, रंगावरून काय ओळखायचे, हे ज्ञान त्या मच्छीमारांकडे होते. सूर्य आणि शेवाळ फुकट असले, तरी हे ज्ञान आणि हे कष्ट कोणी फुकट पुरवत नाही.

१९/ श्रमाचा हा प्रश्न महाराष्ट्रात एका माणसाने फार आधी थेट विचारला होता. अप्पासाहेब पटवर्धन (१८९४–१९७१) रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मैला साफ करण्याचे काम आपल्याला द्यावे अशी मागणी केली. तुरुंगाने ती नाकारली, कारण ते काम विशिष्ट जातीच्या कैद्यांचे मानले जाई. अप्पासाहेबांनी अन्नत्यागाचा मार्ग धरला आणि १९३२ च्या डिसेंबरात येरवड्यात महात्मा गांधींनीही त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास आरंभला.

२०/ पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून अप्पासाहेबांनी मैल्याला हात न लावता त्याचे खत करणाऱ्या संडासांचा प्रसार केला. त्यांच्याच प्रेरणेने देहूचे डॉ. एस. व्ही. मापुसकर या कामात उतरले आणि संडासाला जोडलेले बायोगॅस संयंत्र त्यांनी गावकऱ्यांच्या घरात पोहोचवले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. माटुंग्याच्या टाकीतले विज्ञान आणि देहूच्या घरातले विज्ञान एकच आहे. फरक इतकाच की देहूत वायू ज्याच्या मैल्याचा, चूलही त्याचीच पेटली.

२१/ दरम्यान वनस्पतींचाही उपयोग ध्यानात आला. जर्मनीत केट झाइडेल यांनी १९५० च्या दशकात लव्हाळ्यासारख्या पाणवनस्पतींच्या मुळांशी पाणी कसे स्वच्छ होते याचे प्रयोग केले. मुळांच्या जाळ्यात जीवाणू घर करतात आणि वनस्पती खोडातून मुळांपर्यंत थोडा प्राणवायू पोहोचवते. नीरीने याच तत्त्वावर ‘फायटोरिड’ पद्धत विकसित केली. मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरात तिचा प्रकल्प उभा राहिला. खडी-वाळूच्या थरात लावलेल्या कर्दळी आणि पाणकणसांमधून सांडपाणी उताराने झिरपत जाते. पंप लागलाच तर पाणी वर चढवण्यापुरता.

२२/ मग तळी अजून घाण का? पवईचे उदाहरण पाहावे. हा तलाव १८९० च्या सुमारास, म्हणजे माटुंग्याचा आश्रम सुरू झाला त्याच काळात, मुंबईला पाणी देण्यासाठी बांधला गेला. आज त्याचे पाणी पिण्यासाठी घेतले जात नाही. २००१ मध्ये राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजना आली, तिच्यात पवईचा समावेश झाला आणि जैविक उपचारही झाले. तरी जलपर्णी परत आली. कारण सरळ आहे: नाले तळ्यात येतच राहिले, तर आत सोडलेले जीवाणू किती पुरे पडणार?

२३/ दुसरे कारण रसायनाचे. सेंद्रिय घाणीतला कार्बन वायू होऊन उडून जातो. फॉस्फरस उडून जात नाही. जलपर्णी तो शोषून घेते, पण ती तिथेच मेली, कुजली, तर फॉस्फरस पुन्हा पाण्यात उतरतो आणि शेवाळ पुन्हा फोफावते. वनस्पती वेळेवर कापून बाहेर काढावी लागते, तळाचा गाळ काही वर्षांनी उपसावा लागतो. ‘विजेविना चालणारी पद्धत’ हे वर्णन खरे आहे. ‘देखभालीविना चालणारी पद्धत’ मात्र आजवर कुठेच आढळलेली नाही.

२४/ मराठवाड्यासाठी हा विषय पुस्तकी नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. नांदेड जिल्ह्यातच कंधारला राष्ट्रकूट काळातील जगत्तुंग समुद्र आहे. साठवलेले पाणी म्हणजे काय, हे या भूमीला हजार वर्षांपासून ठाऊक आहे. अशा प्रदेशात एक तळे सांडपाण्याला गमावणे म्हणजे एक पाणीसाठा कायमचा गमावणे. इस्लापूरसारख्या गावांना हवा फुंकणारे महागडे यंत्र आणि त्याचे वीजबिल झेपण्यासारखे नसते. पण ऊन, उतार आणि थोडी गायरान जमीन पुष्कळ गावांकडे असते.

२५/ सव्वाशे वर्षांचा अनुभव क्रमही सांगतो. नाला तळ्यात उतरण्याआधी अडवावा. आधी बंद टाकीत गाळ बसू द्यावा आणि कुजू द्यावा. मग पाणी वनस्पतींच्या मुळांतून किंवा उथळ तळ्यांतून न्यावे. मूळ तळ्यात शेवटी सोडावे. हे तंत्र कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाही. त्याचे धडे माटुंग्यात, नागपुरात आणि कोलकात्याच्या भेऱ्यांत गिरवले गेले आहेत.

२६/ उरतो अप्पासाहेबांचा प्रश्न. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करण्यास देशभर बंदी घातली. तरीही सेप्टिक टाक्यांत उतरलेल्या कामगारांच्या मृत्यूच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. व्होल्टांनी बाटलीत धरलेल्या वायूच्या सोबतीचेच वायू त्यांचा जीव घेतात. म्हणून ग्रामसभेत तळ्याच्या शुद्धीकरणाचा ठराव येईल, तेव्हा वीज किती वाचणार हे जरूर विचारावे. त्याच बैठकीत हेही विचारावे: गाळ कोण उपसणार, कोणत्या साधनाने, किती मजुरीवर, आणि त्याचे नाव पंचायतीच्या दप्तरात लिहिले जाणार की नाही.

(धागा समाप्त)